कापायचं नाही

डायरेक्टर कॅमेरा बंद करत नसत. समोरचा माणूस बोलताना अडखळला, हातातलं सामान खाली पडलं, मागे कुकरची शिट्टी झाली, शेजारीण पातेलं मागायला दारात येऊन उभी राहिली, तरी कॅमेऱ्यामागून दोनच शब्द यायचे, "चालू द्या." ती पातेलंवाली शेजारीण अजून एका व्हिडिओत आहे. तिने तो व्हिडिओ माहेरच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि त्या आठवड्यात आमचे प्रेक्षक एकदम वाढले, असं डायरेक्टर अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे.

ते कुठल्या सिनेमाचे डायरेक्टर नव्हते. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. मांडवात नवरदेवाच्या मामापासून भटजींपर्यंत सगळ्यांना ते नुसत्या हातवाऱ्यांनी इकडे सरका, तिकडे सरका करत. त्यावरून कोणीतरी त्यांना डायरेक्टर म्हणालं आणि ते नाव असं चिकटलं की त्यांच्या पत्नीसुद्धा स्टुडिओत फोन करून "डायरेक्टर आहेत का?" असंच विचारायच्या. अंगात बारा खिशांचं जॅकेट. त्यातल्या एका खिशात बॅटऱ्या आणि दुसऱ्यात भाजलेल्या शेंगा. शूटिंग चालू असताना टरफलाचा आवाज नको म्हणून शेंग नुसती हातात धरून बसायचे, आणि काम संपलं की पहिली शेंग समोरच्याला द्यायचे.

पंचावन्न उलटल्यावर त्यांनी लग्नं निम्मी केली आणि 'आपापला नाद' सुरू केलं. इंटरनेटवर एकाच नावाखाली प्रत्येक छंदिष्टाचं स्वतःचं चॅनल, अशी ती कल्पना. एक निवृत्त पोस्टमन जुने रेडिओ दुरुस्त करायचे, एक बाई गच्चीवर निवडुंगांना कलमं करायच्या, एक जण बारा महिने पतंगच बांधायचा. कोणाला घ्यायचं याची डायरेक्टरांची परीक्षा सोपी होती. ते विचारायचे, "यावरून घरी बोलणी बसतात का?" बसत असतील तर माणूस पास.

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मापाचं व्हर्नियर घेऊन लोकांच्या कामातले दोष काढणं हा माझा व्यवसाय, आणि व्हिडिओ जोडत बसणं हा नाद. एका मैत्रिणीच्या लग्नात डायरेक्टरांशी ओळख झाली, आणि सुट्टीचा दिवस मी त्यांच्या स्टुडिओत काढायला लागले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी त्यांची 'क्वालिटी'. एखादा व्हिडिओ जोडून झाला की खुर्ची मागे सारून विचारायचे, "काय क्वालिटी, पास की रिजेक्ट?"

जोडायलाही फारसं काही नसायचं, कारण तिथला एकमेव नियम होता, चूक कापायची नाही. माझ्या धंद्याच्या अगदी उलट. सुरुवातीला मी वाद घातला, की एवढं लांबण कोण बघणार. तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. "तीस वर्षं मी लोकांच्या चुका कापल्या," ते म्हणाले. "एका लग्नात मुलीच्या बापाच्या हातात माइक दिला. त्याला बोलता येईना. तीन मिनिटं नुसता 'माझी... माझी...' करत उभा राहिला. घरच्यांनी सांगितलं, ते काढून टाका, बरं दिसत नाही. मी काढलं. चार वर्षांनी ती मुलगी इथे आली, याच खुर्चीत बसली. वडील गेले होते. तिला तेवढीच तीन मिनिटं पाहिजे होती. माझ्याकडे नव्हती." त्यानंतर मी वाद घातला नाही.

एकदा आम्ही सुरगाण्याच्या बाजूला एका शिक्षकांकडे गेलो होतो. पाखरांचे हुबेहूब आवाज काढायचा त्यांना नाद. गाव ऐकून होतं, पण कॅमेरा समोर आल्यावर सरांच्या घशातून खोकल्याशिवाय काही निघेना. डायरेक्टर घडीच्या स्टुलावर बसून राहिले. दीड तास. सर खोकले, पाणी प्यायले, रडकुंडीला आले, आणि मागून "चालू द्या" चालूच. आमचा जीपवाला मला हळूच म्हणाला, "ताई, हा माणूस लय येडा हाय." शेवटी सरांनी एक शीळ घातली आणि समोरच्या झाडीतून खरंच एका पाखराने उत्तर दिलं. सर लहान मुलासारखे हसले. परतताना जीपवाला डायरेक्टरांकडे शेंगा मागत होता.

एक सवय मात्र माझ्या लक्षात यायला हवी होती. रोज सकाळी ते आधी आकडा बघायचे. काल किती जणांनी पाहिलं. पहिल्या वर्षी तो आकडा मोठ्याने सांगायचे, "अठ्ठावीस. पण अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दर्दी." दुसऱ्या वर्षी नुसता आकडा सांगायचे. तिसऱ्या वर्षी ते आकडा बघायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. मला वाटायचं, वयामुळे शांत झालेत.

देवरेकाकांना 'आपापला नाद'मध्ये मी आणलं, आणि पुढचं सगळं त्यामुळे घडलं. काका आमच्या कारखान्यातले लेथवरचे टर्नर. मी नवी लागले तेव्हा "आधी बोटाने बघ, मग मीटरने" हे त्यांनीच शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांना कंपवात झाला. ज्या माणसाच्या हातावर सबंध टूलरूमचा भरवसा, तो चार माणसांत चहा घ्यायचं टाळायला लागला. घरीही कप अर्धाच भरून मागायचा. घराच्या मागच्या शेडमध्ये त्यांचं छोटं लेथ मशीन होतं. त्यावर ते मुठीत मावतील अशी वाफेची इंजिनं करायचे, खरोखर चालणारी. तेही बंद झालं होतं. मी तीन वेळा त्यांच्या घरी गेले, तेव्हा कुठे ते तयार झाले.

"हात ऐकत नाय माझं," ते म्हणाले होते. "ते कशाला लोकांना दाखवायचं?"

मी सांगितलं, की डायरेक्टर काही कापत नाहीत, पण कोणाला हसूही देत नाहीत. "माझी जबाबदारी," असं मी म्हणाले. हे शब्द माझेच आहेत.

शूटिंगच्या दिवशी काका घरच्या शेडमध्ये एका अर्धवट राहिलेल्या इंजिनाच्या पिस्टनमध्ये पिन बसवत होते. सुईएवढी पितळी पिन, तेवढंच भोक. पिन चिमट्यातून सुटली आणि ट्रेमध्ये पडली, टिंग. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. चौथ्यांदा पडल्यावर काकूंनी स्वयंपाकघरातून बाहेर यायचं थांबवलं. सहाव्यांदा काकांनी डोळे मिटले. कॅमेऱ्यामागून शांतपणे आलं, "चालू द्या काका, घाई नाही." सातव्यांदाही पडली. आठव्यांदा काकांनी दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर दाबली, श्वास रोखला आणि पिन बसली. मग त्यांनी खाली दिवा लावला, आणि पाण्याला आधण आल्यावर ते एवढंसं इंजिन फुकफुक करत फिरायला लागलं. नंतर काका स्वतः चहा घेऊन बाहेर आले. कप काठोकाठ भरलेले, निम्मा चहा बशीत. डायरेक्टरांनी तो बशीतला चहाही प्यायला, आणि काकांच्या हातावर पहिली शेंग ठेवली.

तिथून काका बदलले. दुसरं इंजिन करायला घेतलं, बाजारात जायला लागले, एका लग्नात पंगतीत बसून जेवले. काकूंनी मला हे फोन करून सांगितलं, आणि माझी मान दोन दिवस ताठ होती.

पुढे काही महिन्यांनी डायरेक्टरांनी माझ्याकडची हार्डडिस्क मागितली. न कापलेलं सगळं चित्रण तिच्यावर होतं. एक कॉपी करून ठेवतो, म्हणाले. मी कशाला काही विचारणार? स्वतःहून नेऊन दिली.

त्यानंतर पंधरा दिवसांची गोष्ट. कारखान्याच्या कॅंटीनमध्ये जेवताना शेजारच्या टेबलावरचे ट्रेनी एका मोबाइलवर झुकून हसत होते. हसू इतकं मनापासून होतं की मीही कौतुकाने डोकावले. 'फजिती' असं नाव होतं. पोस्टमनकाकांना बसलेला शॉक, निवडुंगवाल्या बाईंची मोडलेली कुंडी, सुरगाण्याच्या सरांचा खोकला, एकामागून एक. आणि मग दोन हात आले. चेहरा नव्हता, पण डाव्या अंगठ्याच्या नखावरचा जुना काळा डाग मी कुठेही ओळखला असता. पिन पडली, आणि टिंगच्या जागी भोंगा वाजला. पुन्हा पडली, पुन्हा भोंगा, मागे माणसांच्या हसण्याचा आवाज. सात वेळा. सातव्यानंतर पडदा काळा झाला आणि खाली नाव आलं, 'आपापला नाद'.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून द्वारकेला गेले. जिना चढेपर्यंत मला वाटत होतं, कोणीतरी त्यांचं चित्रण चोरलं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली, तेव्हा कळलं.

"लोक आले, क्वालिटी," ते म्हणाले. "तीन वर्षांत आले नाहीत तेवढे आठ दिवसांत आले. हसायला का होईना, आले. त्यातले चार जण थांबतील, मग पूर्ण बघतील."

"आठव्यांदा पिन बसली होती. ती कुठे आहे?"

त्यांनी खिशातून शेंग काढली, फोडली, आणि खाल्ली नाही. "सातव्यानंतर लोक निघून जातात," ते म्हणाले. "पडत नाही म्हटल्यावर कोण बघणार?"

मला वाटलं होतं मी खूप बोलेन. पण ज्या खुर्चीत ती मुलगी वडिलांची तीन मिनिटं मागायला बसली होती, त्याच खुर्चीत मी बसले होते, आणि त्यांना ते आठवत होतं की नाही हे विचारायचीही मला शिसारी आली. एवढंच सांगितलं, की आत्ता माझ्यासमोर ते काढा. त्यांनी काढलं. पण तोवर ते हजारो मोबाइलवर गेलं होतं, आणि तिथून काढणारे डायरेक्टर कोण?

काकांकडे जायला मला दोन दिवस लागले. काकूंच्या बहिणीने त्यांना तो व्हिडिओ आधीच पाठवला होता, खाली हसरे चेहरे लावून. कोणाचे हात आहेत हे त्या बाईला माहीत नव्हतं. काका पलंगावर बसले होते. शेडमधल्या मशीनवर जुनी चादर टाकलेली खिडकीतून दिसत होती.

"सातच दाखवले," ते म्हणाले. "मी मोजले." आणि मग मशीनवरच्या एखाद्या जॉबचं माप विचारावं तितक्या साधेपणाने, "तू जबाबदारी घेतली होती ना?"

काकूंनी चहा आणला. काकांचा कप अर्धा होता.

डायरेक्टरांचे पुढे पाच-सहा फोन आले. मी घेतले नाहीत. नाशिकरोडला घरी जाताना आता मी द्वारकेचं वळण टाळून उड्डाणपुलावरून जाते. मात्र त्यांच्याकडून जे शिकले ते सुटत नाही. कारखान्यात एखाद्या नव्या पोरीचा हात पहिल्यांदा मशीनवर चुकतो, तेव्हा मी मागे उभी राहते आणि तोंडातून निघून जातं, "चालू दे." निघालं की स्वतःचाच राग येतो.

महिन्याभराने कारखान्याच्या गेटवर माझ्या नावाचं एक पाकीट आलं. आत हार्डडिस्क. चिठ्ठी नाही. घरी येऊन मी काकांचं पूर्ण चित्रण लावलं. पन्नास मिनिटं. डायरेक्टरांचा कॅमेरा म्हणजे हातात धरलेला असला तरी भिंतीत ठोकल्यासारखा स्थिर. सात वेळा पिन पडली, चित्र तसूभर हललं नाही. आठव्यांदा पिन बसली आणि चित्र थरथरायला लागलं. काकांचे हात नव्हेत, सगळं चित्रच. टेबल, ट्रे, भिंत. मागे नाक ओढल्याचा आवाज, आणि त्यानंतर बराच वेळ कोणी "चालू द्या" म्हणालं नाही. त्यावेळी मी काकांकडे बघत होते, माझ्या मागे उभा असलेला माणूस रडतोय हे मला कळलंच नव्हतं.

ते पाकीट पाठवून त्यांना माफी हवी असेल. पण मला तर जास्तच संताप आला. ज्याला काही कळलंच नाही त्याला मी कधीतरी माफ करून टाकलं असतं. यांना सगळं कळलं होतं. आमच्या सगळ्यांच्या आधी, आमच्यापेक्षा जास्त कळलं होतं, आणि तरीही त्यांनी नेमकं तेच कापून टाकलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन काकांकडे गेले. मशीनवरची चादर तशीच होती. काका नको म्हणाले नाहीत. पन्नास मिनिटं ते न हलता बसले, हात मांड्यांखाली दाबून. प्रत्येक टिंगला त्यांचे ओठ हलत होते, मोजत होते. आठव्याला चित्र थरथरलं तसे ते पुढे झुकले आणि मला ते थोडं मागे घ्यायला लावलं. पुन्हा पाहिलं. टूलरूममध्ये जॉब उजेडात धरून बघायचे, तसं पाहिलं.

"हात त्यांचा पण हलला होता," काका म्हणाले. "ते पण कापलं त्यांनी."