ओंजळीची रेघ

त्या सकाळी आम्ही झऱ्याचं पाणी मोजलं. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. बायको बादली कातळाला टेकवून, गुडघ्यानं दाबून बसली. मी गळ्यातलं घड्याळ हातात धरून दोन पावलं मागं उभा राहिलो. ती म्हणाली, "हां." मी कळ दाबली. बादली काठोकाठ आली तशी म्हणाली, "भरली." मी परत दाबली. एक्केचाळीस सेकंद. वहीत लिहिलं.

"बादलीला शेवाळ धरलंय," ती म्हणाली. "घासाया पायजे."

"मग घास की."

"आज कंबर न्हाई म्हणतीया. उद्या तुमी घासा."

"माझं काम घड्याळाचं हाय."

"मोठं आलं घड्याळवालं!" म्हणाली आणि हंडा डोक्यावर घेऊन पुढं चालायला लागली. मी वही काखेत मारून मागं.

आमचं गाव विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्यावरून आत डोंगराकडं. गेल्या काही वर्षांत आमच्याकडं संशोधनवाली माणसं लई यायला लागली. एक जण बेडकांचे आवाज भरून न्यायला आला. इंजिनेरिंगची पोरं गुंजवण्याच्या अंगाला उतारावर लोखंडी खुंट्या ठोकून गेली, डोंगर किती सरकतो ते बघायला. एक बाई शाळेत पोरांच्या मागं बसून, पोरं हातच्याचं गणित कशी करतात ते लिहून घ्यायच्या. त्या एकदा आमच्या घरी आल्या आणि हिला विचारलं, "आजी, तुम्ही शाळेत गेला नाहीत, मग भाताच्या पायल्या कशा मोजता?" ही म्हणाली, "तुमी पेन काढताय तवर माझं मोजून झालेलं असतंय."

मी चौथी शिकलेला माणूस. मला ही सगळी रिकामटेकडी वाटायची. तिला तसं नव्हतं. येईल त्याला चहा द्यायची आणि खोदून खोदून विचारायची. बेडूकवाल्याला तर दर खेपेला, "काय म्हणाला ओ बेडूक?" मी हसलो की माझ्यावर घसरायची. "त्यास्नी एकेक गोष्ट कळत न्हाई, म्हणून इचारत हिंडत्यात. तुमाला आयुष्यात काय इचारायचंच नसतं."

झऱ्याची पोरगी सगळ्यात शेवटी आली. पुण्यात शिकणारी, पायात बूट, पाठीला पिशवी. तिला बघायचं होतं की डोंगरातला झरा उन्हाळ्यात किती आटतो आणि पावसानंतर किती दिवसांनी वाढतो. तीन वर्षं रोज मोजायचं, एक दिवसाचाही खाडा नको. बादली तिची, घड्याळ तिचं, वही तिची. वहीत तीन रकाने: तारीख, सेकंद, शेरा. महिन्यातून एकदा येऊन ती वहीचे फोटो काढून न्यायची.

"ह्ये काम आमी करू," ही परस्पर बोलून मोकळी झाली. मी घरी आल्यावर तिच्यावर ओरडलो. उपयोग झाला नाही.

सहाएक महिन्यांनी पोरगी वही बघून चाचरत म्हणाली, "आजोबा, मी मोजते तेव्हा तुमच्यापेक्षा दोन सेकंद कमी येतात. दर वेळी. तुमचा हात जरा उशिरा पडतो का?"

माझं टाळकं फिरलं. "बाई, या हातानं मी अजून नांगर धरतो. हात सुटला असंल तर तुझा."

"नाही, म्हणजे…"

"घड्याळ घेऊन जा तुझं."

हिनं मला गप केलं आणि दुसऱ्या दिवशी पोरीला झऱ्यावर घेऊन गेली. नेहमीसारखी बसली, "हां" म्हणाली, बादलीत थोडं पाणी साठलं तशी दोन्ही हातांची ओंजळ भरून काढली आणि शेजारच्या शेंदूर लावलेल्या धोंड्यावर सोडली.

"थांबा," पोरगी ओरडली. "हे काय केलं आजी?"

"आसरांचं. पाण्यातल्या बाया त्या. पयली ओंजळ त्यांची. त्यांना दिल्याबिगार पाणी उचलत्यात व्हय?"

सहा महिने माझ्या वहीतली बादली एका ओंजळीनं मोठी होती. मीही रोज समोर उभा होतो. ती ओंजळ माझ्या डोळ्यांना लहानपणापासून इतकी सवयीची, की तिच्यानं मोजणीत फरक पडेल हे डोक्यात आलंच नाही.

"आजपासनं बंद कर," मी हिला म्हणालो. मला खरं तर पोरीसमोर लाज वाटली होती.

पोरगीच म्हणाली, "नको. रोज सोडता ना? मग रोजच सोडा, पण तेवढीच. मी ती मोजून वजा करते." तिनं हिची ओंजळ मापाच्या नळीत ओतून घेतली, पाच वेळा. मग आमच्या स्टीलच्या पेल्यात तेवढं पाणी घालून, खिळ्यानं आतून रेघ मारली. "आजी कधी गावाला गेल्या, तर आजोबा, तुम्ही या रेघेपर्यंत भरून सोडायचं."

"मी कुठं जातीया गावाला," ही म्हणाली. आणि खरंच गेली नाही. भोरला दिलेल्या लेकीकडं गेली तरी सकाळचं मोजून जायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. पेला फळीवर पडून राहिला.

तर त्या दिवशी झऱ्यावरून आल्यावर तिनं भाकरी केल्या. तवा उतरवला आणि भिंतीला टेकून बसली. म्हणाली, छातीवर कुणी बसल्यावानी होतंय. शेजारच्यानं जीप काढली. वेल्हे यायच्या आत ती गेली. दिवस मावळायच्या आधी सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. चूल पेटवायची नव्हती, चहा शेजारून आला. मी घेतला नाही. तीन वर्षं पुरी व्हायला एक पावसाळा बाकी होता आणि वहीत तोवर एकही खाडा नव्हता. हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पोरगी पदवी घेईल त्याआधी आपली वही पुरी होणार म्हणून. तिच्या मरणानंच पहिला खाडा पाडायचा, हे मला चालणार नव्हतं.

उठलो. बादली घेतली. चुलीत कालचीच राख होती, तिनं पेटवलेल्या लाकडांची. मूठभर घेतली, काथ्या घेतला आणि अंगणात बसून बादली घासली. शेवाळ चिवट होतं. बायका बघत राहिल्या. फळीवरचा पेला घेतला, घड्याळ गळ्यात घातलं.

चुलतभाऊ दारात आडवा आला. "कुठं निघालास? सुतक हाय. आसरांच्या जाग्यावर जातोस?"

"सकाळपासनं हंडे कुठनं आलं? तिथनंच ना? त्ये चाललं?"

"त्ये पिण्याचं झालं. तू आता पाणी सोडशील त्यांना."

"त्यांना न्हाई सोडत. मोजणीत धरलंय, म्हणून सोडायचं."

"लोकं काय म्हणतील?"

"म्हणू दे. सर बाजूला."

लेक मागून म्हणाली, "दादा, मी येऊ का बादली धरायला?" नको म्हणालो.

झऱ्याशी बसलो. बादली कातळाला टेकवली आणि ती दाबायची तशी गुडघ्यानं दाबली. पहिल्यांदा निसटली, पाणी धोतरावर आलं. चपटा दगड शोधून खाली सारला, मग बसली. "हां" म्हणणारं कुणी नव्हतं. मीच म्हणालो आणि कळ दाबली. थोडं साठल्यावर पेला बुडवला आणि रेघेपर्यंत ठेवून जास्तीचं परत बादलीत सोडलं. तेवढं पाणी पेल्यात बघताना कळलं की तिचे हात केवढे लहान होते. धोंड्यावर पेला पालथा केला. बादली काठोकाठ आली. "भरली," मी म्हणालो.

त्रेचाळीस सेकंद. पेल्याला ओंजळीपेक्षा वेळ लागला असेल, किंवा झरा खरंच आटला असेल. ते पोरगीनं बघावं. मी वही मांडीवर घेतली, तारीख लिहिली, सेकंद लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात मी तोवर कधी काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं: आजपासून ओंजळ पेल्यानं.