पेन्सिलच्या खुणा खाली गेल्या

मंडळी, सकाळपासून कुणाशी बोलावंसंच वाटत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या मिरचीने, म्हणजे पाळलेल्या बिअर्डेड ड्रॅगनने, पहिल्यांदाच अंडी घातली होती. सरड्याच्या जातीची ही अंडी अजिबात फिरवायची नसतात, नाहीतर आतलं पिल्लू मरतं. म्हणून प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करून मी ती इन्क्युबेटरमध्ये ठेवली. मागच्या आठवड्यात टॉर्च लावून पाहिलं, तेव्हा आत लाल शिरा दिसल्या होत्या. किती नाचले होते मी!

आज एकही शीर दिसेना. आणि खुणा खालच्या बाजूला.

लॉकडाऊनमुळे विमानं बंद झाल्यापासून आई इथे परदेशात, क्लोनडॉकिनला आमच्याकडेच अडकलीये. तिला विचारलं.

"अगं, मीच फिरवते रोज, देवपूजा झाली की. आपल्या कोंबड्या नाही का अंडी फिरवायच्या? यांची आई जवळ नाही, मग कुणीतरी बघायला नको?"

मी "बरं केलंस" एवढंच म्हणाले.

अंडी तर गेलीच. उद्या पूजा आटोपून ती पुन्हा फिरवायला येईल.

तुम्ही माझ्या जागी असता तर सांगितलं असतं तिला?