तुळशीरामची ठेंगणी रेंगी

एवढ्या ठेंगण्या चाकांची गाडी मी करणार नाही, असं मी तुळशीरामला तोंडावर सांगितलं. तो माझ्या अंगणात सागाच्या ओंडक्यावर बसून तंबाखू मळत होता. त्याने ती सावकाश मळली, तोंडात टाकली आणि म्हणाला, "मंग कोन करन, मिस्त्री?"

मी तेव्हा अमरावतीत बैलगाड्या बनवत असे. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि त्याचा पैसा आमच्या वऱ्हाडात येऊन पडत होता. मुंबईच्या एजंटांची माणसं झाडावरची बोंडं बघूनच सौदे करत. हातात पैसा आला की शेतकरी पहिल्यांदा रेंगीची ऑर्डर द्यायचा. रेंगी म्हणजे माणसांनी बसायची हलकी, दोन चाकांची गाडी. कापूस वाहायचा तो खाचर वेगळा, जड आणि रुंद. रेंगी पाहुण्यांकडे जायला, बाजारात मिरवायला, आणि हंगाम आटोपला की शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत पळवायला.

आणि त्या वर्षांत एक खूळ निघालं होतं. चाक जितकं उंच तितका मालक मोठा. लोक चाकावर पितळी फुल्या ठोकून घेत. चाकाला बाहेरून लोखंडाची पट्टी असते, तिला धाव म्हणतात. ती चांदीची करून द्या म्हणणारेसुद्धा माझ्याकडे येऊन गेले. अशा दिवसांत माझ्या कारखान्यातून ठेंगणी रेंगी बाहेर पडली असती तर माझी शोभाच झाली असती.

तुळशीराम नांदगाव खंडेश्वरकडचा. काळी जमीन, पण बेताची. गावातल्या पाच-सहा मित्रांचा एक जथा होता. अमरावतीचा बाजार असो की रिद्धपूरची यात्रा, यांच्या गाड्या एकामागे एक निघायच्या. मागच्या गाडीला पुढच्या सगळ्यांची धूळ खावी लागते, म्हणून त्यांनी रीत पाडली होती. नाला ओलांडला की पुढची गाडी बाजूला होऊन शेवटी जायची आणि दुसरी पुढे यायची. याला ते पाळी म्हणत. पुढे असेल त्याने वेग राखायचा, नाहीतर सगळा जथा खोळंबतो.

तुळशीराम इतके दिवस आपला खाचरच रिकामा करून नेत होता. इतरांच्या रेंग्या आल्या आणि त्याच्या पाळीला सगळे रांगू लागले. जथ्याचे पुढारी बळवंतराव देशमुख. त्यांनी त्याला बजावलं होतं, की अकोल्याच्या पटाला जाताना पुन्हा असं झालं तर पुढे आपला आपण येत-जात जा. तुळशीरामने हे मला दुसरीकडे बघत सांगितलं. लहानपणापासूनचे मित्र होते ते. त्याला जथ्यातली जागा राखायची होती, आणि कर्ज न काढता राखायची होती.

माझ्याकडे एक तयार रेंगी पडून होती. एका दलालाने करायला सांगून नेलीच नव्हती. उंच चाकं, त्यांना जोडणारी लोखंडी आस, पितळेचं काम. मी ती पडत्या भावात द्यायला तयार होतो. दुसऱ्या कुणी उडी मारली असती. तुळशीरामने आपले बैल जुंपले आणि बडनेऱ्याच्या रस्त्याने एक फेरी मारून आला. बैल घरच्या गाईचे, गावठी, बुटके. त्यातला एक दुसऱ्यापेक्षा ताकदीला कमी. परत आल्यावर त्याने जू उचललं, दोन्ही बैलांच्या मानेवर तळवा ठेवला आणि नाही म्हणाला.

"भार मानेवर येऊन राहिला," एवढंच कारण.

ते खरं होतं. चाक उंच की आस उंच. बैल बुटका असला की गाडीचा धुरा, म्हणजे जुवाकडे जाणारा दांडा, पुढे उतरता होतो आणि बसलेल्या माणसाचं वजन घसरून जुवावर येतं. पण मीही हट्टाला पेटलो. उंच चाक खड्ड्यातून सहज निघतं, हे मी त्याला पटवू लागलो.

"निंगते ना," तो म्हणाला. "पन खड्डा कवा कवा येते, मिस्त्री. मान त रोजचीच हाये."

"लोक हसतील."

"कोनाले हासतीन? तुमाले का मले?"

"दोघांनाही."

"मंग अर्धं अर्धं वाटून घेऊ."

मी हसलो आणि माप घ्यायला दोरी काढली.

त्याची निवड बघण्यासारखी होती. पितळ नको, रंग नको, वर छत नको. बसायला खाचराच्याच जुन्या फळ्या चालतील. पण आस निवडक धावड्याच्या लाकडाची, चाकांचे आरे मुरलेल्या बाभळीचे, आणि धाव बसवायला गावातला सगळ्यात चांगला लोहार. फिरतं ते चांगलं पाहिजे, बसतं ते कसंही चालेल, असं त्याचं म्हणणं. पुढे त्याने जुवाची मधली खाच जोरकस बैलाकडे बोटभर सरकवायला सांगितली. त्याने कमजोर बैलाला ओढायला सोपं जातं. नांगराला मी हे केलं होतं. रेंगीला करायचं कधी डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगतो, त्या माणसावर मी तिथेच खूश झालो.

पटाला गाडीवाले मिस्त्री दुरुस्तीसाठी जातातच. मी हत्यारं घेऊन त्याच्याच रेंगीत बसलो. निघतानाच बळवंतरावांनी विचारलं, "तुळशीराम, चाकं धुन्यात आटली का रे?" सगळे पोट धरून हसले. माझ्या वाटणीचं अर्धं मी निमूट घेतलं.

पहिल्याच नाल्यात वाळूत आमची चाकं रुतली. बाकीच्यांची उंच चाकं आरामात पार झाली. तुळशीराम खाली उतरला, चाकाला खांदा लावला, मीही लावला, आणि गाडी निघाली. कपडे झटकून तो पुन्हा बसला, जणू हेही मापात धरलेलं होतं.

मग त्याची पाळी आली. त्याने बैलांना हाकललं नाही, शेपटीला हात लावला नाही. नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज केला. माना वर करून ते जे निघाले ते एका लयीत. थोड्या वेळाने मागून बळवंतरावांची हाक आली.

"तुळशीराम, जरा हळू घे."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पुढेच बघत होता, पण मिशीत हसत होता. पुढच्या सगळ्या पाळ्या त्याने अशाच राखल्या. मूर्तिजापूरच्या मुक्कामाला दोघा-तिघांच्या बैलांच्या माना सुजलेल्या निघाल्या. त्यांना हळद-तेल चोळणं चाललं होतं. आमचे कडबा खात होते.

अकोल्याच्या पटात तुळशीराम पहिली शर्यत जिंकला. दुसरीत त्याच्यासमोर गवळाऊ बैलांची उंचपुरी जोडी आली आणि तो हरला. चांगलाच हरला. मला फार वाईट वाटलं आणि मी तसं बोललो. तो बैलांच्या तोंडाचा फेस पुसत होता. म्हणाला, "त्या जोडीले मीच पैसे देऊन पाहायले आलो असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी परतायच्या गाड्या लागल्या. निघतानाची पहिली पाळी कायम बळवंतरावांची. ती कुणी मागायची नाही असा रिवाज. त्यांनी कासरे ओढून धरले आणि हाताने खूण केली.

"तुळशीराम, तू हो पुढं. तुह्या मागं आमाले बरं पडते."

तुळशीरामने गाडी पुढे घेतली. रस्ता मोकळा होता, समोर धुळीचा कण नव्हता. तरी त्याने उपरण्याने डोळे पुसले. मी आपली हत्यारं मोजत बसलो.

त्यानंतर कुणी गाडी मागायला आला की मी आधी बैल आणायला सांगू लागलो. पुष्कळ गिऱ्हाइकं चिडत, मालक मी आहे म्हणत. मालक ते होतेच. पण गाडी ओढायची त्यांना नव्हती.