'ठेवतो' म्हटल्यानंतरची फीत

नात पुण्याला शिकते. या उन्हाळ्यात सुट्टीला आली, तर तिच्या बॅगेतून कपड्यांच्या आधी टेपरेकॉर्डर निघाला. जुन्या बाजारातून घेतलेला, कॅसेटच्या खणाचं झाकण तुटलेलं. मला वाटलं, पोरीला कुणीतरी चांगलंच गंडवलं. पण तिला त्याचं काही नव्हतं. तिच्या होस्टेलवरच्या मुलींना म्हणे सध्या याचंच वेड लागलंय. कुणी रोलचा कॅमेरा घेतंय, कुणी शाईचं पेन, कुणी किल्लीचं घड्याळ. मोबाईलवर जगातली सगळी गाणी फुकट वाजत असताना या पोरी कॅसेटा शोधत फिरतात.

"आजी, ही खरखर ऐक ना," ती म्हणाली. "मोबाईलमध्ये ही नसतेच. किती छान वाटतं!"

खरं सांगायचं तर मला या कौतुकांचा कंटाळा येतो. पाटा आला, मातीची भांडी आली, कंदील आला, आता टेप आला. ज्यांना यातलं काहीही रोज वापरावं लागलं नाही, तेच ते परत आणतात आणि वर आम्हाला त्याची गोडी समजावून सांगतात. पण बोलायला जावं तर म्हातारी खडूस ठरते. आताशा बोलायचंही होत नाही. अंगणवाडीत लेकरांना गाणी म्हणून दाखवण्यातच माझा निम्मा घसा गेला.

"आपल्याकडं एखादी जुनी कॅसेट असेल ना गं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. होती. माझ्या लोखंडी पेटीत, तळाशी, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. 

ती कॅसेट म्हणजे आमचं टपाल खात्याबाहेरचं टपाल. आमचं गाव पाथरीच्या अलीकडं. आमचे हे वेल्डिंग शिकलेले, आणि ऐंशीच्या पुढच्या वर्षांत पाथरीच्या एका ओळखीच्या माणसाच्या मागं लागून मस्कतला गेले. तेव्हा आमची मुलगी पाळण्यात होती. दोन वर्षांनी सुट्टीवर आले ते टेप घेऊन. तो घरी ठेवला, स्वतःसाठी तिकडं दुसरा घेतला. ह्यांचं आणि लिहिण्याचं वाकडं होतं, सासूबाईंना वाचता येत नव्हतं, आणि लेकाचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता. म्हणून पत्राऐवजी कॅसेट. पाथरीचा तो माणूस किंवा त्याच्या गल्लीतला कुणीतरी सुट्टीवर यायचा, तो आणायचा. परत जाताना तोच न्यायचा.

कॅसेट एकच होती. दुसरी घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण सासूबाईंना ते पटत नव्हतं. "भरलेली कॅसेट पुसून पुन्यांदा भरता येती, मंग नवी कशाला?" त्यातही एका बाजूला गावच्या सप्ताहातलं कीर्तन भरलेलं, त्याला हात लावायचा नाही. राहिली एकच बाजू. तिच्यावर हे बोलायचे, आम्ही ऐकायचो, मग त्याच फितीवर आम्ही बोलायचो. म्हणजे आमचं बोलणं भरलं की ह्यांचं पुसलं. ह्यांनी उत्तर भरलं की आमचं पुसलं. आजच्या पोरींना हे सांगून पटत नाही. त्यांच्या मोबाईलमधलं काही पुसलंच जात नाही, आणि म्हणून कुणी परत ऐकतही नाही.

कॅसेट आली की अर्धी गल्ली आमच्या ओसरीवर. सासूबाई टेपच्या अगदी पुढ्यात, दीर बटणांपाशी, आणि मी दाराच्या आत, पदर सावरून. आता इतक्या माणसांत नवरा बायकोशी काय बोलणार? आईला विचारायचे, भावाला विचारायचे, म्हशीला विचारायचे. माझ्या वाट्याला शेवटी एक वाक्य यायचं, "घरात समद्यांनी तब्येत सांभाळावी." त्या समद्यांत मी. मग, "बरं, ठेवतो," म्हणायचे, आणि लोक उठायचे.

पण टेप आणला त्या सुट्टीत, जायच्या आदल्या दिवशी गोठ्यात धार काढताना हे माझ्याजवळ आले होते. म्हणाले, "ऐकायलीस का? माझं बोलणं झालं तरी टेप बंद करू नगस. फिरू दे तसाच." एवढंच बोलले, बादली उचलली आणि गेले.

म्हणून पहिल्यांदा कॅसेट आली तेव्हा, सगळे उठल्यावर, मी दिराला म्हटलं, "राहू द्या भाऊजी, फीत पुरी फिरली न्हाई तर गुंतती." त्याला ते खरं वाटलं. सासूबाई देवळात गेल्या. मी टेपजवळ ज्वारी निवडत बसले. नुसती खरखर, किती तरी वेळ. आणि मग एकदम ह्यांचा आवाज, बारीक, कुणी शेजारी झोपलेलं असावं तसा. "गेली का समदी? जेवलीस का तू?"

माझ्या हातातलं सूप पडलं.

त्यानंतर प्रत्येक खेपेला कॅसेटच्या शेवटी माझ्यासाठी तेवढी फीत असायची. फार मोठं काही नसायचं. तिथं भात खाऊन खाऊन तोंड आंबलंय, भाकरी आठवते. गच्चीवर झोपलो की घरचं आभाळ आठवतं. एकदा म्हणाले, "तुझा आवाज लय कमी येतो कॅसेटीत. तू बी बोल की शेवटी, माझ्यावानी." मी मनातल्या मनात म्हटलं, बोल म्हणायला काय जातंय. आमच्याकडं भरायच्या वेळी पुन्हा तीच गल्ली, आणि बोलणं संपलं की दीर लगेच बटण दाबून कॅसेट काढून घ्यायचा. शेवटची फीत तशीच राहायची. म्हणजे तिकडं हे माझं बोलणं येईल म्हणून खरखर ऐकत बसायचे आणि त्यांना त्यांचंच मागच्या वेळचं बोलणं ऐकू यायचं. "जेवलीस का तू?" हे पुढच्या खेपेच्या कॅसेटीत त्यांनीच सांगितलं. हसत सांगितलं, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

अशी वर्षं गेली. नणंदेचं लग्न झालं, घरावर पत्रे आले, विहिरीवर मोटार बसली. मी अंगणवाडीत लागले होते. घरचं, रानातलं, अंगणवाडीचं, आणि सासूबाईंचा दमा. मी तेव्हा तिशीचीही नव्हते, पण संध्याकाळी पाठ टेकली की म्हातारी असल्यासारखं वाटायचं. मुलगी टेपकडं बोट दाखवून "बाबा" म्हणायची. लोक हसायचे. मला ते ऐकून चीड यायची.

एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत आमचं बोलणं भरून झालं आणि नेमका बंद पुकारला गेला. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद परत पेटलेला. पाथरीला जाणाऱ्या एसट्या डेपोतच उभ्या, रस्त्यावर जीपही नाही. कॅसेट घरातच अडकली. दुसऱ्या दिवशी सगळे वेचणीला गेले, अंगणवाडी बंद, मी मुलीला ताप म्हणून घरी. दुपारी मी टेप काढला. फीत पुढं पळवली, आणि दिरानं दाबताना कितीदा तरी पाहिलेली ती दोन बटणं एकदम दाबली.

जे बोलले ते शब्द न् शब्द मला पाठ आहेत. "आता या. घर झालं, लग्न झालं. आजून काय ऱ्हायलंय ते मला कळंना. मला एकटीला हे होईना, मी दमले. मला पैका नको, तुमी पायजेत."

आयुष्यात मी ह्यांच्याकडं मागितलं ते एवढंच, आणि एकदाच.

बंद उठला, कॅसेट गेली. महिने गेले, उत्तर नाही. मी धसका घेतला. तिथं खोलीत ह्यांच्याबरोबर चार माणसं राहायची, त्यांनी ऐकलं असेल तर? ह्यांना राग आला असेल तर? की नेहमीप्रमाणं आपलंच बोलणं येणार म्हणून ह्यांनी शेवटपर्यंत ऐकलंच नसेल?

आणि एक दिवस हेच आले. ट्रंक, वळकटी, सगळं घेऊन, कायमचे. ओसरीवर सगळ्यांना म्हणाले, "कंपनीचं काम सरलं." सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी पाणी दिलं. रात्रीच्या जेवणाआधी ह्यांनी ती कॅसेट माझ्या हातात ठेवली. "ही ठेव. पुसू नगस." मी पेटीत ठेवली. टेप तर त्याच आठवड्यात नणंदेकडं गेला, तिला हवा होता. आणि माणूसच घरात आल्यावर कॅसेट कोण लावतं?

पुढं पंचवीस वर्षांहून जास्त संसार केला आम्ही. ह्यांनी पाथरीच्या रस्त्यावर वेल्डिंगचं दुकान टाकलं. सकाळी डबा, संध्याकाळी लाल डोळे. बोलणं म्हणाल तर, "मीठ हाय का", "लाइट गेली का", "पोरीची फी कवा हाय". टेपमधला तो बारीक आवाजातला माणूस मस्कतलाच राहिला असं मला वाटायचं. मी जे मागितलं होतं त्याचं 'होय' नाही की 'नाही' नाही. आले ते काम संपलं म्हणून आले. एकदा फक्त, जेवता जेवता म्हणाले, "ती कॅसेट हाय ना?" मी म्हटलं, "हाय, पेटीत." त्यांनी मान हलवली आणि भाकरी मोडली. मी विचारू शकले असते. पण मी पण कमी अडेल नाही. एकदा तोंड उघडून मागितलं होतं, आता परत कशाला, असं म्हणत वर्षं काढली. भांडले मात्र खूप. भाजीवरून, दुकानावरून, कशावरूनही. भांडणाच्या मुळाशी ते एकच असायचं, की ह्यांनी ऐकलं की नाही. ते कधी ह्यांना कळलं नाही, आणि हे गेले त्यालाही आता काही वर्षं झाली.

तर नातीनं ती कॅसेट हुडकलीच. मी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले आणि ही पेटी उपसून बसली. "आजी! नाही म्हणालीस ना? आजोबांचा आवाज आहे का यात? मोबाईलमध्ये घेते, सगळ्यांना पाठवते."

"आधी लाव," मी म्हटलं. "पाठवायचं नंतर बघू." मी भिंतीला टेकून बसले.

सासूबाईंचा आवाज आला. "बाबू, तिकडं थंडी पडती का रे?" दमा लागलेला, मध्येच थांबणारा. नातीनं पणजीचा आवाज पहिल्यांदा ऐकला, तिचे डोळे मोठे झाले. मग दीर, पिकाचं, पाण्याचं. मग मी, पाठ केल्यासारखं, "आमी समदे बरे हाव." मग संपलं. पोरीनं बटणाकडं हात नेला.

मी तिचं मनगट धरलं. "राहू दे फिरत. तू जा, चहा टाक जा."

"आत्ता? या उन्हात?"

"आत्ता."

ती गेली. खरखर चालू राहिली. मग माझा आवाज आला. इतका कोवळा आवाज माझा होता हे मला ठाऊक नव्हतं. आता या. मी दमले. तुमी पायजेत. तिथं माझं संपलं, आणि मला वाटलं आता त्याच्यामागं ह्यांच्या जुन्या बोलण्याचं शेपूट येईल. खट्ट असा आवाज झाला.

"ऐकलं म्या." हेच होते. "लय येळा ऐकलं. तुझं हे पुसायचं न्हाई, म्हनून त्याच्या मागं उरलेल्या फितीवर बोलायलोय. कंपनी सोडंना झालीय, तरी येतो. ह्या खेपंला कॅसेट पाठवत न्हाई, मीच घेऊन येतो." मग आवाज आणखी बारीक झाला. "घरी आल्यावर मला असं बोलायला जमायचं न्हाई. तुला ठाऊकच हाय. तवा कवा माझा राग आला, तर ही लावत जा."

फीत संपली, बटण आपोआप वर आलं.

नात चहा घेऊन आली तेव्हा मी पदर तोंडाला लावून बसले होते. तिनं कप तसेच खाली ठेवले. "आजी, काय झालं गं? काय होतं शेवटी?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुझ्या आजोबांचा राग आलाय मला. मागं घे, आणि परत लाव."