आईंचं नेकारसुल्म

आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे मी टांझानियातल्या एका मिशनच्या दवाखान्यात गेले होते. इथे चष्म्याच्या दुकानात काम करते, तेच काम तिथे अडीच महिने केलं. तेवढ्या काळात लेकीकडे बघायला सासूबाई नगरहून इकडे जर्मनीत, नेकारसुल्मला आल्या. जाताना मला काळजी त्यांचीच होती. जर्मनचा गंध नाही, थंडीची सवय नाही. "आई, करमलं नाही तर लगेच फोन करा," असं दहादा बजावून गेले. तसा फोन काही आला नाही.

परत आले त्या दिवशी नवरा, लेक आणि आई स्टेशनवर हजर होते. चालत घरी निघालो, तर बेकरीवाली काचेमागून हात हलवू लागली. मीही हलवला.

"अगं, मला करतेय ती," आई म्हणाल्या.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा भेटले. एरवी 'गुटन टाग'पुढे न जाणारा तो माणूस आईंना बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. आईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि ठणकावून म्हणाल्या, "गेनाऊ!" आजोबा खूश.

मी विचारलं, "कळलं का तुम्हाला काही?"

"नाही. पण माणूस एवढं सांगतोय, तर 'बरोबर' म्हणायला आपलं काय जातं?"

आणि माझ्याशी कायम जर्मनमध्ये बोलणारी आठ वर्षांची लेक दारात मला म्हणाली, "आई, बूट तिथं नको काढू, आजी ओरडंल."

सगळे असे मजेत होते, मीच बावचळले होते. तिकडे जुन्या चष्म्यांच्या एका खोक्यातून जुळेल तो शोधून आम्ही माणसाला दिसेल असं करायचो. इथे सुपरमार्केटमध्ये दह्याच्या चाळीस डब्यांसमोर उभी राहिले आणि रिकाम्या हातांनी घरी आले. दुसऱ्या दिवशी आई मला हाताला धरून घेऊन गेल्या. "हे आंबट. हे गोड. आणि हे घेऊच नकोस, ते दहीच नव्हे." मी भर दुकानात खो खो हसत सुटले. परतल्यापासून पहिल्यांदाच.

रविवारी चर्चमध्ये मला दहा मिनिटं बोलायचं होतं. चष्मा लावल्यावर स्वतःच्या नातवाचा चेहरा प्रथमच नीट पाहणाऱ्या एका म्हातारीबद्दल सांगायला लागले आणि मध्येच रडू फुटलं. पाद्रीबाई पाण्याचा ग्लास घेऊन उठल्या, पण त्यांच्याआधी आई उभ्या राहिल्या होत्या. पदर सावरून त्यांनी आपलं मराठी उपकारस्तुतीचं गीत सुरू केलं. दुसऱ्या ओळीला लेकीनं सूर मिळवला. शब्द न् शब्द पाठ होता तिला! ऑर्गनवाल्यानं जरा कानोसा घेतला आणि हळूच साथ धरली. लोकांना अक्षर कळत नव्हतं, तरी धृपदाला सगळे गुणगुणू लागले.

गीत संपल्यावर मी म्हातारीची गोष्ट पुरी केली, हसत हसत.

नंतर कॉफीच्या वेळी मला टांझानियाबद्दल दोघांनी विचारलं. बाकीचे आईंभोवती. गाणं आम्हाला शिकवाल का? पुन्हा कधी येणार? मी मध्ये उभी राहून भाषांतर करू लागले, तर आईंनी मला थांबवलं.

"तू केक खा गं. माझं मी बघते."