पक्षाबाहेरची कार्यकर्ती

वहिनीची माझी शेवटची भेट श्रावणातली. रोह्याहून एस.टी.ने वडखळला उतरले आणि रिक्षा करून खाडीकडच्या आमच्या गावी गेले. यकृताच्या दुखण्याने ती पार वाळली होती. तरी मला बघून उशीला टेकून बसली आणि पहिला प्रश्न विचारला, "रोह्यात आपलं कसं हाय?" मला वाटलं, माझ्या घरचं विचारतेय. मी नवऱ्याच्या कंपनीचं, लेकीच्या बाळंतपणाचं सांगायला लागले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते बरं झालं गो. पण आपल्या पक्षाचं कसं हाय?" ज्या पक्षाने तिला काढून टाकलं, त्याला ती अखेरपर्यंत आपला म्हणत राहिली... गणपती गेल्यावर आठवड्याभरातच ती गेली.

नलिनी तिचं नाव, पण पंचक्रोशीत सगळे नलूबायच म्हणत. तिचे वडील मिठागरावर मजूर होते. मजुरीच्या आंदोलनात ते तुरुंगात गेले, तेव्हा ती शाळकरी होती. आमच्या घरात सून म्हणून आली ती पक्षाला सोबत घेऊनच आली. सभा असली की भाकऱ्या थापून, पदर खोचून निघायची. माझा दादा एस.टी.त कंडक्टर, त्याला राजकारणाचा मनस्वी कंटाळा. पण तिला अडवलं त्याने कधीच नाही. पुढे पक्षाने तिला पंचायत समितीला उभं केलं आणि ती निवडून आली. पाच वर्षं गावोगाव चालत फिरली.

दुसऱ्या खेपेला पक्षाने तिचं तिकीट कापलं. नुकत्याच दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका ठेकेदाराच्या बायकोला ते दिलं. वहिनी दोन दिवस जेवली नाही. मग गावातल्या बायकाच दारात येऊन बसल्या, "तू उभी ऱ्हा, बाकी आमी बघतो." अर्ज भरताना तिचे डोळे वाहत होते, असं दादा सांगतो. पक्षाने तिला सहा वर्षांसाठी निलंबित केलं. कपबशी ही तिची निशाणी. लोकांनी ती घराघरांत पोचवली आणि वहिनी अपक्ष म्हणून चांगल्या मतांनी निवडून आली. पेणमध्ये मिरवणूक निघाली. पक्षाच्या कार्यालयासमोर तिने ताशे थांबवायला लावले, गुलालाने माखलेल्या हातांनी पायरीला नमस्कार केला. आतून कोणीही बाहेर आलं नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. पंचायत समितीत दोन्हीकडची माणसं सारखी झाली आणि सगळं वहिनीच्या एका मतावर येऊन ठेपलं. सभापतिपद त्या वेळी बाईसाठी राखीव होतं. समोरच्या पक्षाचे पुढारी आमच्या ओटीवर आले. सभापती तुम्हीच व्हा म्हणाले, खाडीचा बांधही दुरुस्त करून देतो म्हणाले. आमच्या गावाला ते बोलणं साधं नव्हतं. बांध खचत चालला होता, आणि तो फुटला की खारं पाणी भातशेतीत शिरतं, मग ती जमीन वर्षानुवर्षं पिकत नाही. वहिनीने चहा दिला, हात जोडले आणि "इचार करून सांगते" म्हणाली. पण तिला विचार करायचा नव्हताच. सभेत तिने हात वर केला तो आपल्या जुन्या पक्षासाठी. त्या ठेकेदाराच्या गटातली बाई सभापती झाली. बांधाचं काम वहिनीने त्यांच्याकडेही मागितलं होतं. त्यांनी माना डोलावल्या आणि विसरून गेले.

पुढच्याच पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला बांध फुटला. शेतातला लावलेला भात बघता बघता खाऱ्या पाण्याखाली गेला. मी तेव्हा माहेरी होते. माणसं अंगणात जमली. कोणी आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर बरं झालं असतं. शेजारची म्हातारी पार्वतीआजी फक्त एवढंच म्हणाली, "बाय, आमी मत तुला दिलं व्हतं. पक्षाला नाय दिलं." वहिनी उठली आणि चिखलाच्या गोणी भरायला माणसांबरोबर बांधावर गेली. पाणी अडेपर्यंत ती घरी आली नाही.

मी तिच्याशी भांडले. म्हटलं, "ज्यांनी तुला हाकललं त्यांच्यासाठी एवढ्या लोकांची शेतं घालवलीस?" ती म्हणाली, "बाप तुरुंगात व्हता तवा पक्षाच्या बायका आमच्या चुलीवर भात आणून ठेवायच्या. पक्ष म्हंजे मला ती माणसं." मी म्हटलं, "त्यांतलं आता कोण राहिलंय?" म्हणाली, "मी हाय ना." मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पुरतं पटत नाही. पण तिच्या तोंडावरचा थकवा मला विसरता येत नाही. तिचंही तिला पुरतं पटलं नसावं.

पुढच्या निवडणुकीत लोकांनी तिला पाडलं. निलंबनाची मुदत संपली, पण परत ये असं कोणी म्हटलं नाही. ती मात्र पक्षाच्या प्रत्येक सभेला जायची आणि शेवटच्या रांगेत बसायची. व्यासपीठावरून तिचं नाव कधी घेतलं गेलं नाही.

ती गेली त्या सकाळी पक्षाचे तालुकाध्यक्ष गाडीभर माणसं घेऊन आले, हातात घडी घातलेला झेंडा. दादा त्यांच्या आडवा उभा राहिला. आयुष्यभर कोणाला उलट न बोललेला माझा भाऊ म्हणाला, "जित्तेपणी खुर्ची नाय दिलीत, आता ह्यो कशाला?" अध्यक्षांना तो झेंडा धड पुढे करवेना, मागेही घेववेना. मी पुढे झाले, त्यांच्या हातातून तो घेतला आणि वहिनीच्या अंगावर पसरला. दादाला म्हटलं, "यांच्यासाठी नाय रे. तिला हवा असता." दादाने तोंड फिरवलं, पण काढला नाही.

परवा गेले होते. दादा ओटीवर एकटाच बसला होता, शेजारी वहिनीचा मोबाइल. तो त्याने बंद केलेला नाही. लोक अजून फोन करतात. लाईट गेली, नळाला पाणी नाही, दाखला अडलाय... दादा ऐकून घेतो आणि वायरमनला, ग्रामसेवकाला फोन लावत बसतो. मी असतानाच एक फोन आला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आलं. कोणी नवी लग्न होऊन आलेली मुलगी होती, तिला वहिनी माहीत नव्हती, सासूने नंबर दिला होता. लाईटचं सांगून झाल्यावर तिने बिचकत विचारलं, "काका, तुमी कंच्या पक्षाचं?"

दादा म्हणाला, "आधी गाव सांग गो."