लेबलकाकूंचा निळा ठिपका

पडदा वर जातो आणि आधी दिसतो तो लोखंडी टेबलाचा कोपरा, वर्षानुवर्षं कोपर टेकून गुळगुळीत झालेला. वर ट्यूबलाइट, तिला मधूनमधून उचकी लागते. तीन बाजूंना छतापर्यंत पोती आणि खोकी, चौथीकडे दार, आणि दारापलीकडे झगमगतं सुपरमार्केट. या मागच्या खोलीला खिडकी नाही. उंच स्टुलावर एक बाई बसली आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंगठ्याला डिंकाची कायमची पुटं. अख्खं दुकान तिला लेबलकाकू म्हणतं.

सोयाबीनचं पीठ, मक्याचं पीठ पोत्यांतून यायचं, इथे पाकिटांत भरलं जायचं आणि दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकलं जायचं. प्रत्येक पाकिटावर गोल हिरवं लेबल : ‘यात जनुकीय बदल केलेलं काहीही नाही.’ कंपनीने तसं धोरणच जाहीर केलं होतं, भिंतीवर हातभर अक्षरांत. लेबलं चिकटवायला काकू, त्याला एकोणीस वर्षं झाली.

पोत्यांबरोबर गिरणीचं पत्र यायचं, तपासणीच्या दाखल्यासकट. पत्रावरचा नंबर आणि पोत्यावरचा नंबर जुळला, की पत्रावर सही करून लेबल लावायचं. पहिल्याच वर्षी काकूंनी घाईत मागच्या खेपेचं पत्र धरून चाळीस पाकिटं बाहेर सोडली. चूक लक्षात आली तशी पदर खोचून त्या फळीकडे धावल्या आणि गिऱ्हाइकांच्या देखत एकेक लेबल नखाने खरवडून काढलं. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःलाच एक नियम घातला. पत्र आपल्या डोळ्यांनी वाचलं, तरच लेबलाच्या कडेला बॉलपेनने एक निळा ठिपका द्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

“माझ्या शर्टावर पण काढ एक,” नवरा म्हणायचा. “लोकांना कळेल, भेसळ नाही.”

“तुमचं पत्र कुठेय?” काकू म्हणायच्या.

पण गिऱ्हाइकांना ठिपका बरोबर सापडला. नेहमी येणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई तर वह्या तपासाव्यात तशी पाकिटं उलटीपालटी करायच्या, आणि ठिपका दिसला की मान डोलवायच्या. संध्याकाळी घरी जाताना पहारेकरी नियमाप्रमाणे काकूंची पिशवी उघडायचा आणि रोज तेच विचारायचा, “काय काकू, आज काय पळवलंत?” डबा, रुमाल, निळं पेन. दुसरं काही कधी निघालं नाही.

मग नवे साहेब आले.

“काकू, उद्यापासून गिरणीची पत्रं येणार नाहीत.”

“आणि माल?”

“माल येणार की! पुरवठादार नवा. लेबल तेच.”

“मग आत काय आहे ते बघितलं कुणी?”

“धोरण थोडं बदललंय. आता ‘शक्य असेल तिथे’ असं आहे. वेबसाइटवर घातलंय.”

“लेबलावर कुठेत ते शब्द?”

“लेबलावर जागा आहे का, काकू?” साहेब हसले.

निवृत्तीला सात महिने उरले होते. काकूंनी लेबलं लावली. ठिपका मात्र दिला नाही. वाटलं, ज्याला कळायचं त्याला कळेल.

कळलं. दोन आठवड्यांत फळीवर पाकिटांचा ढीग साचला. “ठिपकेवाला नाही का आज?” लोक काउंटरवर विचारायला लागले. साहेबांनी वर कळवलं. वरच्यांना ठिपका भारी आवडला. महिनाभरात लेबलांचे नवे गठ्ठे आले, प्रत्येक लेबलाच्या कडेला छापलेला निळा ठिपका. काकूंच्या हातचा कधी आला नव्हता इतका गोल. सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावून साहेबांनी काकूंना प्रशस्तिपत्र दिलं. टाळ्या पडल्या. काकू स्टुलावरून उतरल्यासुद्धा नाहीत.

“डोळे मीट आणि चिकटव,” घरी नवरा म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

तीन दिवस काकूंनी डोळे मिटून चिकटवलं. चौथ्या दिवशी खोकं घेऊन फळीपाशी गेल्या, तर समोर मुख्याध्यापिका बाई.

“आला हो ठिपका!” बाईंचा चेहरा फुलला. “म्हटलं, आमच्या काकू रुसल्या की काय.”

काकूंनी खोकं खाली ठेवलं. “बाई, तो माझा नाही. छापलाय. पत्रं यायची बंद झाली. आत काय आहे, मला माहीत नाही.”

बाईंनी ठिपका नखाने खरवडून पाहिला. निघाला नाही. “वाईट असतं का हो ते पीठ?”

“तसं मी कधी म्हटलं नाही. चांगलंही असेल. पण मी बघितलेलं नाही.”

बाईंनी वाकून गुडघा चोळला. मग म्हणाल्या, “जाऊ द्या. या गुडघ्यांनी मी दुसरीकडे कुठे जाऊ?” आणि दोन पाकिटं टोपलीत टाकली. जाताना काउंटरवर साहेब दिसले, तेव्हा अगदी भोळेपणाने विचारलंही, “काय हो, काकू म्हणतात ते खरंय?”

दुपारच्या आत काकूंच्या हातात कागद पडला. ग्राहकाला कंपनीच्या धोरणाबद्दल चुकीची माहिती दिली, सबब उद्यापासून येऊ नये. काकूंनी तो दोनदा वाचला. त्या चाळीस पाकिटांनंतर न जुळणाऱ्या पत्रावर त्यांनी कधी सही केली नव्हती. ह्यावरही केली नाही. प्रशस्तिपत्र टेबलावर पालथं ठेवलं आणि दिवा बंद केला.

दारात पहारेकऱ्याने पिशवी उघडली. साहेब मागे उभे होते, म्हणून आज त्याने थट्टा केली नाही. डबा काढला, रुमाल काढला. पेन हातात धरून खाली मान घालून म्हणाला, “काकू, हे दुकानाचं नाही ना? विचारावं लागतं.”

काकूंनी पेन त्याच्या हातातून घेतलं, टोपण घट्ट आहे ना ते बघितलं आणि साहेबांकडे वळल्या.

“पेन माझं आहे. ठिपका ठेवून घ्या.”